कागद गेला, विद्या राहिली

सातबारा हरवला तर आपण तलाठ्याकडे जातो. नक्कल मिळते. पण गाव सोडून पळावे लागले, तर शाळेच्या दाखल्याची नक्कल कुणाकडे मागायची?

सिरिया देशात २०११ साली लढाई पेटली. लाखो लोक परागंदा झाले. पुष्कळजण युरोपात पोचले. लेकरे सांभाळायची की सर्टिफिकिटे शोधायची? परमुलखात मात्र आधी कागदच मागतात. कागद नाही, म्हणून शिकलेला मास्तर हॉटेलात भांडी घासतो. जुन्या सरकारला पत्र लिहावे, तर मागे राहिलेल्या भावाबहिणींना त्रास होईल ही धास्ती!

युरोपातल्या देशांनी १९९७ साली लिस्बन शहरी करार केला. निर्वासितांजवळ कागद नसला तरी त्यांचे शिक्षण तपासावे, असे त्यात ठरले. पुष्कळांनी पुढे काही केले नाही. नॉर्वेने मात्र मनावर घेतले. तिथे आधी अर्ज भरून घेतात. मग दोन जाणकार समोर बसवून विचारतात : कुठे शिकलात? विषय कोणते? परीक्षा कशी असे? खरा शिकलेला माणूस अशा प्रश्नांना डगमगत नाही. खात्री पटली की एक पत्रक देतात. २०१७ पासून ही रीत युरोपातल्या इतर देशांतही सुरू झाली.

हे पत्रक म्हणजे पदवी नव्हे. डॉक्टरला रोगी तपासायचा परवाना निराळा काढावा लागतो. आम्हांला ते रास्तच वाटते. रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पत्रक पाच वर्षे चालते. त्यात शिक्षण, पूर्वी केलेले काम आणि येणाऱ्या भाषा लिहिलेल्या असतात. ते घेऊन माणूस कॉलेजात जातो, नाहीतर कामाच्या शोधाला लागतो.