कॅलेंडरवर न छापलेले वचन

चि. बाळ,



रोज प्रार्थना करतेस, रविवारची उपासना चुकवत नाहीस, तरी मनाला शांती नाही. तेव्हा दोष प्रार्थनेत आहे की तुझ्यात, असे तू विचारले आहेस. मला वाटते दोष दोन्हीकडे नाही, अपेक्षेत आहे. ख्रिस्ती घरात वाढणाऱ्या मुलांच्या मनात एक समजूत नकळत पक्की होते : विश्वास असला की आनंद आपोआप येतो, आणि आला नाही तर विश्वासच कच्चा. भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरने या समजुतीला बराच हातभार लावला आहे. सूर्योदयाचे चित्र आणि त्याखाली सर्वदा आनंद करण्याविषयीचे पौलाचे वचन. वचन खरेच आहे, पण ते कुठून कापून आणले हे चित्रात दिसत नाही.

ते आले आहे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातून, आणि ते पत्र बेड्या घातलेल्या माणसाचे आहे. तुरुंग रोमचा, असे परंपरा सांगते. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया म्हणतात. पौल कैदेत होता याबद्दल मात्र वाद नाही. निकाल लागायचा होता आणि तो मरणाचाही असू शकतो हे पहिल्याच अध्यायात तो मोकळेपणाने लिहितो. बाहेर काही जण निव्वळ त्याला डिवचण्यासाठी सुवार्ता सांगत हिंडत होते. फिलिप्पैच्या मंडळीने मदत घेऊन पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी पोचला होता. तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळले असते, अशी कबुली पौल देतो. तिसऱ्या अध्यायात तर आपण रडत रडत लिहितो आहोत असे तो म्हणतो. म्हणजे ज्या माणसाने आनंदाची आज्ञा दिली, त्याला त्याच पत्रात चिंता आहे, दुःख आहे, डोळ्यांत पाणी आहे. या सगळ्याच्या शेजारी बसू शकणाऱ्या आनंदाविषयी तो बोलतो आहे. उदास वाटले म्हणून आपला विश्वास खोटा, असे ज्या दिवशी तुला वाटेल त्या दिवशी हे पत्र तुझ्याविरुद्ध नव्हे, तुझ्या बाजूने साक्ष देईल. स्तोत्रसंहितेतले 88वे स्तोत्रही देईल. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

आता समाधानाकडे येऊ. पौल म्हणतो की कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. 'शिकला' या शब्दाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जे शिकावे लागते ते आधी येत नसते आणि यायला वेळ लागतो. समाधानासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द स्तोइक तत्त्वज्ञांच्या आवडीचा होता; ज्याला कुणाची गरज उरली नाही असा स्वयंपूर्ण माणूस त्यांना अभिप्रेत होता. पौलाने शब्द घेतला आणि अर्थ फिरवला. त्याचे पुरेपण त्याला बळ देणाऱ्या दुसऱ्याकडून येते, आणि लगेच पुढच्या ओळींत फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीबद्दल तो त्यांचे मनापासून कौतुकही करतो. कुणाची गरज नसलेल्या माणसाची ही भाषा नव्हे.

हे शिकायला किती वेळ लागतो याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. दुष्काळात आईवडील, मग भाऊ, मग पती गमावलेली ही विदुषी. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला खरी शांती गवसली, तोवर ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहिले. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1889 साली मुंबईत शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा निघाली ती याच वर्षांत. रमाबाईंना आठ वर्षे लागली असतील, तर तू आठ महिन्यांत स्वतःला नापास का ठरवतेस?

मग रोजच्या प्रार्थनेचे काय? पौलाने सांगितलेली रीत नीट पाहा. चिंता असेल ती मागणीच्या रूपात, आभारासह, देवाला कळवायची. त्यानंतर तो काय कबूल करतो? मागितले ते मिळेल असे तिथे म्हटलेले नाही. देवाची शांती तुमचे अंतःकरण राखील, एवढेच आहे. हे 'राखणे' मूळ भाषेत लष्करी आहे, नगराला चौकी बसवतात तसे. फिलिप्पै ही रोमनांची वसाहत. इसवी सनापूर्वी 42 मध्ये तिथे झालेल्या लढाईनंतर निवृत्त शिपायांना तिथे जमिनी देऊन वसवले होते. असल्या गावात पहारा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आणि धोका टळला असता तर पहारा कशाला हवा होता? तेव्हा प्रार्थना करून उठल्यावर चिंता दाराबाहेर तशीच उभी दिसली, तर प्रार्थना वाया गेली असे समजू नकोस. फक्त 'देवा, मला शांती दे' असे मोघम मागण्यापेक्षा चिंतेचे नाव घे : नोकरीचा अर्ज, घराचे भाडे, ज्याच्याशी अबोला आहे तो माणूस. नाव घेतलेली चिंता निदान मोजता येते.

तुझ्या वर्गातली मुले म्हणतात की हे सगळे स्वतःशीच बोलणे आहे, श्वास मोजला तरी मन शांत होते. होते, हे मान्य. शांत वाटणे हा देव असल्याचा पुरावा नव्हे आणि तसा दावा आपण करूही नये. पण स्वतःची समजूत घालणे आणि प्रार्थना करणे यांत एक फरक मला दिसतो. पौलाच्या पत्रात पहिली प्रार्थना स्वतःच्या सुटकेसाठी नाही, फिलिप्पैकरांची प्रीती वाढावी म्हणून आहे. स्वतःला शांत करताना मी माझ्याभोवतीच फिरतो. प्रार्थनेत दुसऱ्यांची नावे येतात, आभार मानावे लागतात, क्षमा मागावी लागते. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. पौलाचा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलेले पवित्र शास्त्रातच आहे, आणि ते वाचून कुणी तीमथ्याच्या विश्वासावर शंका घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : समाधान शिकवणारा धर्म गरिबाला गप्प बसवतो. तसा तो वापरला गेला आहे, हे नाकारून चालणार नाही. पण पुन्हा फिलिप्पैलाच जाऊ. प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना तिथे फटके मारून तुरुंगात टाकले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गीते गात होते. इथपर्यंतची गोष्ट रविवारच्या शाळेत सगळे शिकतात. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला तेव्हा पौलाने जायचे नाकारले. आम्ही रोमन नागरिक, चौकशीविना चारचौघांत मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह होता. आणि अधिकारी आले. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे. रमाबाईही तशाच. 1897 साली पुण्याच्या सरकारी प्लेग-व्यवस्थेत बायकांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि त्यासाठी सरकारचा रोष ओढवून घेतला. शांती मिळाल्याचे त्या सांगतात त्यानंतरची ही गोष्ट आहे. आपले काय होईल या धास्तीतून सुटलेल्या माणसाला खरे बोलणे सोपे जात असावे.

तेव्हा या आठवड्यात एवढे कर. फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत वाच. चारच अध्याय आहेत, अर्ध्या तासाच्या आत होतात. चौथ्या अध्यायात कॅलेंडरवाले वचन चौथे आहे. त्याच्या दोन वचने आधी युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांची नावे येतात. दोघी मंडळीत राबलेल्या, आणि दोघींचे एकमेकींशी पटत नव्हते. पौल त्यांना एकचित्त होण्याची विनंती करतो आणि मग आनंदाकडे वळतो. ते दुसरे वचन मी अजून कुठल्या कॅलेंडरवर छापलेले पाहिले नाही. वाचून झाले की तुला काय वाटले ते कळव, आणि तुझ्या धाकट्या भावाशी बोलणे सुरू केलेस का, तेही.

तुझा,
मामा