इन्शुलिनच्या सुईचीही फेरपालट हवी



रानात आपण पिकाची फेरपालट करतो, तशीच इन्शुलिन घेणाऱ्याने टोचण्याच्या जागेचीही करावी. रोज एकाच ठिकाणी टोचले की कातडीखालची चरबी वाढून रबरासारखी गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण गाठीतून इन्शुलिन रक्तात कधी कमी, कधी उशिरा जाते. साखर आटोक्यात येत नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

उपाय साधा आहे. बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडून पोटाचे चार भाग समजा. आठवड्याला एक भाग घ्या. त्यातही आदल्या जागेपासून बोटभर अंतर ठेवा. सुई दर वेळी नवी घ्या. मांडीची बाहेरची बाजूही चालते. मात्र मांडीत टोचून लगेच दारं धरायला जाऊ नये, साखर झपाट्याने उतरू शकते.

महिन्यातून एकदा बोटांनी चाचपून पाहा. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा आणि डोस विचारूनच जागा बदला. कारण चांगल्या जागेतून तोच डोस जादा लागू पडतो; घाम, थरथर, चक्कर येते, प्रसंगी शुद्ध हरपते. म्हणून रानात जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या.