जुने मालवाहू वाहन आणि ठिणगीचे कोडे

ग्वाल्हेरची प्रसिद्ध जत्रा माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत १९०५ साली सुरू झाली, ती गुरांचा बाजार म्हणून. बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, मग त्याला चालवून पाहतो आणि त्यानंतरच दराची गोष्ट काढतो. मुंबई-आग्रा मार्गावरील या शहरात आज जुने मालवाहू वाहन घेणाऱ्यानेही हीच सावधगिरी बाळगणे हिताचे आहे. कर्ज काढून घेतलेले वाहन आठवडाभर दुरुस्तीसाठी उभे राहिले, तर हप्ता थांबत नाही आणि भाजीपालाही वाट पाहत नाही.

जुन्या वाहनांची सर्वांत चकवणारी तक्रार म्हणजे इंजिनाने झटके घेत चालणे. मेकॅनिक यास ‘मिसिंग’ म्हणतात. पुष्कळदा दोष नीट न शोधताच प्लग, मग कॉइल, मग पंप असे एकेक सुटे भाग बदलले जातात. पैसा खर्च होतो, दोष मात्र कायम राहतो.

प्लग कोणत्या वाहनात असतो?

मोठे ट्रक बहुधा डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाऊन तापते व त्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेथे स्पार्क प्लग नसतोच. अशा ट्रकचा दोष नोझल, डिझेलची गाळणी किंवा नळीत शिरलेली हवा यांत शोधावा. पेट्रोल व सीएनजीवरील छोट्या ट्रकांत मात्र विजेच्या ठिणगीने इंधन पेटते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा इंधन पेटवावे लागते. त्यात थोडी चूक झाली तरी वाहन अडखळते.

प्लगची साक्ष

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढावेत व सिलिंडरांच्या क्रमाने मांडावेत. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असल्यास ज्वलन ठीक समजावे. कोरडी काजळी असल्यास इंधन अधिक, हवा कमी किंवा ठिणगी दुर्बल असते. उन्हाळ्यातील धुळीने तुंबलेली हवेची गाळणी प्रथम पाहावी. टोक तेलकट असल्यास रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले झिजलेली असतात. तेथे नवा प्लगही लवकरच तेलकट होतो. टोक पांढरे पडून त्यावर फोड आल्यास इंजिन फाजील तापत आहे. सीएनजीवर काजळी कमी धरते, म्हणून तेथे केवळ फिकट रंगाने घाबरू नये.

अदलाबदलीची कसोटी

दुसऱ्या सिलिंडरात दोष वाटल्यास त्याचा प्लग तिसऱ्यात व तिसऱ्याचा दुसऱ्यात बसवावा. दोष तिसऱ्यात गेला, तर प्लगच सदोष. तसे न झाल्यास कॉइलची अशीच अदलाबदल करावी. तरीही दोष जागचा हलला नाही, तर त्या सिलिंडरातील दाब, इंजेक्टर व व्हॉल्व्हचे अंतर तपासावे. या कसोटीस नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. गॅसचा वास येत असल्यास मात्र ठिणगीची कोणतीही चाचणी करू नये.

वाहन पेट्रोलवर सुरळीत चालते, पण गॅसवर चढ चढताना झटके घेते, हेही एक नेहमीचे कोडे आहे. गॅस पेटवण्यास अधिक दाबाची वीज लागते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा तडकलेले आवरण पेट्रोलवर निभावते, गॅसवर उघडे पडते. असा दोष धुक्याच्या दमट सकाळी दिसतो आणि दुपारी इंजिन सुकल्यावर नाहीसा होतो. म्हणून दोष केव्हा, कोणत्या इंधनावर व किती भार असताना होतो, याची चालकाने वहीत नोंद ठेवावी. अशी नोंद मेकॅनिकला उत्तम मार्गदर्शक ठरते.

खरेदीपूर्वी

विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहून व्यवहार करू नये; थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करावयास सांगावे. वाहन भार घालून, दोन्ही इंधनांवर चालवून पाहावे. इंजिनाचा सूचक दिवा चावी फिरवताच लागतो व इंजिन सुरू झाल्यावर विझतो, याची खात्री करावी. चालताना तो लुकलुकत असल्यास भार वाहू नये; न जळलेले इंधन धुराच्या नळीतील शुद्धीकरण यंत्रणा जाळून टाकते, आणि तिची किंमत प्लगच्या अनेक पटींनी अधिक असते. सीएनजी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी आवश्यक असते. तिचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. इतके पाहिल्यानंतरच दर ठरवावा.