लायसन्सचा दाखला आणि कडेची नजर

गेल्या महिन्यात एक वडाप जीपचे चालक लायसन्सच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला मागायला आले. वय 52. "डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी तुमचीच सही होती," म्हणत त्यांनी फॉर्म पुढे केला. चष्मा लावून तक्ता नीट वाचला. फॉर्ममध्ये विचारलेली 25 मीटरवरची नंबरप्लेटही वाचली. मग त्यांना समोर बसवले, एक डोळा झाकायला सांगितला आणि बाजूने माझे बोट हळूहळू आत आणले. बोट जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्यांना दिसले नाही. दुसऱ्या डोळ्याचेही तेच.

मी सही केली नाही. ते चिडले. "अमेरिकेत कमी दिसणाऱ्यांनाही गाडी शिकवतात, भाचा सांगतो!"

भाच्याचे म्हणणे खरे आहे. तिकडे अनेक राज्यांत चष्म्याच्या काचेत वरच्या बाजूला छोटी दुर्बीण बसवून गाडी चालवायला परवानगी मिळते. मात्र ती मधली नजर अधू, पण कडेची नजर शाबूत असलेल्यांना. चालक बहुतेक वेळ खालच्या साध्या काचेतूनच पाहतो. लांबची पाटी किंवा सिग्नल ओळखायचा असला की हनुवटी किंचित खाली घेऊन क्षणभर दुर्बिणीतून बघायचे आणि लगेच नजर खाली आणायची. दुर्बिणीत जग एका लहान वर्तुळाएवढे दिसते. तिथे नजर रेंगाळली तर बाजूने धावत आलेले पोर दिसायचे नाही. म्हणून आधी शेजारच्या सीटवर बसून पाट्या ओळखण्याचा सराव करतात आणि मगच प्रशिक्षकासोबत स्टिअरिंग हाती घेतात. पुष्कळांना परवाना फक्त दिवसापुरता मिळतो.

आमच्या चालकांचे दुखणे नेमके उलटे. नेत्रतज्ज्ञांनी काचबिंदूचे निदान केले. हा बहुधा दुखत नाही, कडेची नजर गुपचूप खातो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमित घातले तर उरलेली राखता येते. अशा डोळ्यांना ती दुर्बीण उपयोगाची नाही. (मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. शस्त्रक्रियेनंतर तपासणीत नजर ठीक ठरली तर पुन्हा गाडी चालवता येते.) चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असेल तर, डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी.

त्यांच्या जुन्या दाखल्यावर सही माझीच होती. तेव्हा मी नुसता तक्ता वाचून घेतला होता. आता दाखल्याला येणाऱ्या प्रत्येकाची बोटाची तपासणी करतो. त्यात पाच मिनिटे जास्त जातात, बाहेर बसलेल्यांनी कुरकुर करू नये.