वसतिगृहाच्या खोलीला किती वॅट पुरतात?



गेल्या दिवाळीच्या सुटीत परतूर तालुक्यातील आष्टीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहतो. मावसभावाने त्याला आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार देऊन टाकली होती. ती वाजवायला वर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर हवा. वडिलांनी कापसाच्या पैशातून थोडी रक्कम त्याच्या हाती ठेवली होती. दुकानदार म्हणाला होता, "दहा वॅटचा कशाला घेता? थोडे पैसे वाढवा आणि चाळीस वॅटचा घ्या. चौपट आवाज मिळेल!"

"सर, खरंच चौपट मिळतो का?" त्याने विचारले.

"नाही मिळत," मी म्हणालो. "आणि मिळाला असता, तरी तुझ्या खोलीत तो ठेवायचा कुठे?"

त्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब केला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो. तुमच्यापैकी अनेकजण पुढे वसतिगृहात राहायला जातील. गिटार नसली तरी हा हिशेब रेडिओला, टेपला, सप्ताहाच्या मंडपातील कर्ण्यालाही लागू पडतो.

तारेपासून कानापर्यंत

साध्या गिटारीला लाकडी पोकळ खोके असते. तारेच्या कंपनांनी खोक्याचा वरचा पातळ फळा कंप पावतो आणि हवा हलवतो. खोलीत वाजवण्यापुरती अशी गिटार पुरेशी असते, तिला वर्धक लागत नाही. तुमच्याजवळ ती असेल तर पैसे खर्च करूच नका.

इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव असते. तिच्या तारा पोलादी असून त्यांच्याखाली चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढ्यांचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. चुंबकाजवळ पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे याने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. या तत्त्वावर चालणारी, तव्यासारख्या आकारामुळे 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली गेलेली गिटार १९३२ साली अमेरिकेत विक्रीला आली.

पिकअपमधून मिळणारा दाब व्होल्टच्या काही शतांश वा दशांश भागांएवढाच असतो. त्यावर ध्वनिक्षेपकाचा, म्हणजे स्पीकरचा शंकू हलणार नाही. म्हणून मध्ये वर्धक हवा. पूर्वी या कामाला काचेच्या निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह लागत. त्या तापवाव्या लागत आणि त्यांना शेकडो व्होल्टचा दाब द्यावा लागे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज पेन्सिल सेलवर चालणारा वर्धक हाती धरता येतो तो या शोधामुळे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. गिटार घरच्या टेप-रेडिओच्या खाचेत खुपसून चालत नाही. पिकअपचे वेटोळे विद्युतप्रवाह फारच थोडा देऊ शकते. म्हणून गिटारीच्या वर्धकाच्या प्रवेशद्वाराचा रोध सुमारे १० लाख ओहम ठेवतात. संगीत ऐकण्याच्या साध्या यंत्रात तो काही दहा हजार ओहमच असतो. त्याला गिटार जोडली तर आवाज मलूल होतो आणि तारेचा खणखणीतपणा हरवतो.

वॅट आणि आवाज यांचे नाते

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपला कान विलक्षण आहे. अगदी कुजबुज आणि ढगांचा गडगडाट यांच्या तीव्रतेत कोट्यवधी पटींचा फरक असतो, तरी तो दोन्ही ऐकतो. एवढ्या मोठ्या पल्ल्यासाठी डेसिबेल हे लॉगरिदमवर आधारलेले माप वापरतात. सूत्र सोपे आहे :

डेसिबेलमधील फरक = १० × लॉग (दोन शक्तींचे गुणोत्तर)

शक्ती १० पट केली की १० डेसिबेल वाढतात. आणि १० डेसिबेल वाढले की आवाज आपल्या कानाला साधारणपणे दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे दुप्पट आवाजासाठी दुप्पट नव्हे, दसपट वॅट लागतात!

आता दुकानदाराचे म्हणणे तपासू. १० वॅटवरून ४० वॅट म्हणजे गुणोत्तर ४. चाराचा लॉग ०.६. म्हणून फरक फक्त ६ डेसिबेलचा. कानाला हा आवाज चौपट नव्हे, सुमारे दीडपटच वाटेल. १० ऐवजी २० वॅटचा घेतला तर फरक ३ डेसिबेल, म्हणजे नीट कान देऊन ऐकला तरच जाणवेल इतका.

पण खोलीला मुळात लागतात किती? ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता अशी सांगतात : १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो. हिशेबासाठी लहान वर्धकाची ९० डेसिबेल धरू. मग १ मीटरवर,

१० वॅटला १०० डेसिबेल,
१ वॅटला ९० डेसिबेल,
एक-दशांश वॅटला ८० डेसिबेल,
एक-शतांश वॅटला ७० डेसिबेल,
एक-सहस्रांश वॅटला ६० डेसिबेल.

समोरासमोर बसून आपण बोलतो तो आवाज सुमारे ६० डेसिबेल असतो. म्हणजे गप्पांएवढ्या आवाजात गिटार वाजवायला एका वॅटचा हजारावा भाग पुरतो! एक वॅट तर लहानशा खोलीत कान दुखवायला पुरेसा आहे.

मग सप्ताहातल्या कर्ण्याला कितीतरी वॅट का लागतात, असे तुम्ही विचाराल. कारण तो मोकळ्या मैदानात असतो. तेथे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. समजा, कर्ण्याची संवेदनशीलता १०५ डेसिबेल आहे आणि त्याला ३० वॅट दिले. मग १ मीटरवर १२० डेसिबेल होतील, पण १०० मीटरवर त्यातले ४० कमी होऊन ८० उरतील. वसतिगृहाच्या खोलीत मात्र चारही भिंती ध्वनी परत फेकतात. एका कोपऱ्यात बसा की दुसऱ्या, आवाज फारसा उतरत नाही.

माझी चूक

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. एम. एस्सी.ला असताना मी एक जुना ६० वॅटचा, १२ इंची ध्वनिक्षेपकाचा वर्धक विकत घेतला. दोघांनी मिळून तो जिन्यावरून वर चढवला. आवाजाची कळ शून्य ते दहा अशी होती. शून्यावर काहीच ऐकू येईना, आणि ती एकाच्या जवळ नेली की शेजारच्या तीन खोल्यांची दारे उघडत. नऊ-दशांश पैसे मी न वापरलेल्या वॅटसाठी मोजले होते. माझा खोलीतला सोबती परीक्षेच्या आदल्या रात्री चटई घेऊन गच्चीवर गेला. तो काही बोलला नाही, आणि तेच मला फार लागले. पुढे रेक्टरांनी वर्धक वर्षअखेरीपर्यंत कार्यालयात ठेवून घेतला. माझा सराव सुटला तो दोन वर्षे सुटला. लहान वर्धक घेतला असता तर यांतले काहीच घडले नसते.

वॅटपेक्षा महत्त्वाचे काय?

पहिली गोष्ट हेडफोनची खाच. ती नसेल तर वसतिगृहासाठी तो वर्धक घेऊच नका. हेडफोन लावताच ध्वनिक्षेपक आपोआप बंद होतो ना, हे दुकानातच पाहा. पण हेडफोन लावला म्हणजे कान सुरक्षित झाला असे नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली दिलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तासच ऐकावा आणि पुढे दर ३ डेसिबेलला ही वेळ निम्मी करावी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. कानाच्या आतील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

दुसरी गोष्ट ध्वनिक्षेपकाचा आकार. गिटारीच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर या स्वराची तरंगलांबी ४.२ मीटर येते. एवढा खालचा स्वर काढायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. ८ इंची शंकूचे क्षेत्रफळ ३ इंची शंकूच्या सातपट असते. म्हणून ३ इंची पेटीत जाड तारा पोचट वाटतात. त्या अगदीच नाहीशा होत नाहीत, कारण मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचे उपस्वर ऐकून आपला मेंदू मूळ स्वर मनातच भरून काढतो. तरीही सहा ते आठ इंचांचा ध्वनिक्षेपक मिळाला तर समाधान अधिक.

तिसरी गोष्ट वीज. सेलवर चालणारा वर्धक वीज गेली तरी चालतो. पुन्हा भारता येणारे सहा पेन्सिल सेल प्रत्येकी १.२ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांचे असले, तर एकूण ऊर्जा ७.२ × २ = १४.४ वॅट-तास होते. वर्धक सरासरी २ वॅट खात असेल तर सात तास सराव होईल. विजेवर चालणारा घ्याल तर तीन पिनांचा प्लग आणि खोलीतील अर्थिंग दोन्ही तपासून घ्या. गिटारीच्या धातूच्या तारा वर्धकाच्या अर्थिंगलाच जोडलेल्या असतात आणि त्यांवर तुमची बोटे असतात. ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते म्हणून कोणी अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगेल, तर मुळीच ऐकू नका. तो सल्ला जिवावर बेतू शकतो.

नमुन्यादाखल तीन वर्धकांचे आकडे पाहा. ब्लॅकस्टार फ्लाय ३ हा ३ वॅटचा, ३ इंची. रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॅटचा, ५ इंची. हे दोन्ही सेलवर चालतात. फेंडरचा फ्रंटमॅन १०जी १० वॅटचा, ६ इंची, भिंतीवरील विजेवर चालणारा. तिघांचेही वॅट खोलीला पुरून उरतात. निवड करायची ती हेडफोन, शंकूचा आकार, वीज आणि खिसा पाहून.

दुकानात करायचे चार प्रयोग

१. स्वतःचीच गिटार बरोबर न्या. दुकानातल्या महागड्या गिटारीवर कोणताही वर्धक चांगला वाटतो.

२. कळ शून्यापासून अगदी हळू फिरवा. आवाज एकदम उसळी मारत असेल तर खोलीत हळू वाजवणे अवघड जाईल.

३. तारांना हात न लावता कान जवळ नेऊन सूं-सूं किती येते ते ऐका.

४. वर्धक जुना असेल तर प्रत्येक कळ फिरवून पाहा. खरखर आली तर आत धूळ गेली आहे किंवा कळ झिजली आहे असे समजा आणि त्या मानाने किंमत कमी करून मागा.

शेजाऱ्याची झोप

भिंत उंच स्वर चांगले अडवते, पण कंप्रता निम्मी झाली की तिची अडवण्याची ताकद साधारणतः ६ डेसिबेलने घटते. म्हणून शेजाऱ्याला तुमची चाल ऐकू जात नाही, नुसते धुम् धुम् ऐकू जाते. यावर उपाय घरातलाच आहे. वर्धक कोपऱ्यात ठेवू नका, कारण दोन भिंती मिळून खालचे स्वर वाढवतात. तो जमिनीवर किंवा टेबलावर थेट न ठेवता गोधडीची चौपदरी घडी करून तिच्यावर ठेवा. पेटीची कंपने गोधडीत बरीच जिरतात आणि खालच्या मजल्यावर कमी पोचतात. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. ती परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. पण रात्री दहानंतर हेडफोन हा नियम वसतिगृहात स्वतःहून पाळावा.

आष्टीच्या त्या विद्यार्थ्याने शेवटी १० वॅटचा, साडेसहा इंची, हेडफोनची खाच असलेला जुना वर्धक घेतला. उरलेल्या पैशांतून तारांचे दोन संच आणि गणिताचे एक पुस्तक आणले. परवा त्याचा निरोप आला. खोलीतला सोबती आता संध्याकाळी त्याला स्वतःच म्हणतो, "लाव रे जरा, ऐकू दे."

आता तुमच्यासाठी दोन उदाहरणे :

१. पाच वॅटऐवजी पन्नास वॅटचा वर्धक घेतला तर आवाज कानाला किती पट मोठा वाटेल?

२. ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता ९० ऐवजी ९३ डेसिबेल असेल, तर तेवढ्याच आवाजाला किती वॅट कमी लागतील?

(उत्तरे : १. सुमारे दुप्पट. २. निम्मे पुरतील.)