उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय?

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनला बंदी लागली की होड्या वर आणि मासळीची पिकअप दारात. एरवी बडोद्यापर्यंत धावणारी गाडी आठ दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. नवी बॅटरी आणण्याआधी एवढं करा.

१) बॅटरी फुल चार्ज करून मायनस वायर सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ वर आली तर दोष बॅटरीचाच.

२) बॅटरी ठीक असेल तर गाडीतच करंट गळतोय. चावी काढा, दिवे-दारं बंद करा. मायनस वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा, अर्धा तास थांबा. साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. मीटर लागलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

३) आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढा. जो काढल्यावर आकडा खाली येतो, त्याच लाइनवर चोर आहे. बाहेरून बसवलेला टेप किंवा जीपीएस आधी बघा.

हिशेब: ०.३ अँपिअर गळती म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. ६० ची बॅटरी आठ दिवसांत रिकामी.

होडीलाही हीच तपासणी. मात्र पाण्यातल्या होडीचा पाणी उपसायचा पंप बंद ठेवू नका. आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ विडी-काडी नको, गॅस पेट घेतो.