कुपी उघडण्याआधी

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या आमच्या घरी केशराची एक इवली डबी होती. आई ती उघडण्याआधी पंखा बंद करायची. पुढे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रिकॉम्बिनंट, म्हणजे जिवाणूकडून बनवून घेतलेल्या, न्यूरोपेप्टाइडची पहिली कुपी हाती आली, तेव्हा तो बंद केलेला पंखा मला आठवायला हवा होता. जळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी. करताना हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला कळायला वेळ लागला. आता नवी मुलं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

१. कुपी रिकामी दिसली तरी रिकामी नसते. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. गोठवून सुकवलेलं प्रथिन काचेला पापुद्र्यासारखं चिकटलेलं असतं, कधी झाकणाच्या आतल्या बाजूला. मला आत काही दिसेना म्हणून मी झाकण काढून कुपी उजेडात उलटी धरली. जे होतं तेही गेलं. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सगळं तळाशी आणा, मगच झाकणाला हात लावा.

२. विरघळवलं की त्याच दिवशी लहान लहान वाटे करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. एक वाटा एकदाच वितळवायचा. उरलेला परत गोठवायचा मोह होतो, तो आवरा.

३. नावावर जाऊ नका. या गोष्टीने माझे दोन महिने घेतले. न्यूरोपेप्टाइड वाय हा 36 अमिनो आम्लांचा रेणू. 1982 मध्ये ततेमोतो यांनी स्वीडनमध्ये तो डुकराच्या मेंदूतून वेगळा केला. या रेणूच्या शेवटच्या टोकाला एक छोटा अमाइड गट असतो, आणि पेशीवरचा रिसेप्टर तो असल्याशिवाय रेणूला नीट ओळखत नाही. माणसाचं जनुक जिवाणूत घातलं की जिवाणू साखळी बिनचूक विणतो, पण हा अमाइड लावणारं विकर त्याच्याकडे नसतं. माझ्या कुपीतलं असंच जिवाणूने बनवलेलं होतं. पेशी ढिम्म. मी बफर बदलला, पेशी बदलल्या, मात्रा वाढवली. शेवटी आमच्या मॅडमनी माहितीपत्रक पुढे ठेवून एवढंच विचारलं, “टोकाला काय आहे?” अमाइडसह रासायनिक पद्धतीने बनवलेलं पेप्टाइड आणलं, आणि पहिल्याच दिवशी पेशींनी प्रतिसाद दिला.

४. पेशी प्रतिसाद देतात तेव्हाही शंका घ्या. जिवाणूच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन प्रथिनासोबत येऊ शकतं, आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी त्याच्या कणभर अंशानेही खवळतात. एक वाटा उकळून तोही पेशींवर घाला. उकळल्यावर बरीचशी प्रथिनं निकामी होतात, एंडोटॉक्सिन मात्र टिकतं. तरीही पेशी तेवढ्याच खवळल्या, तर ते काम तुमच्या प्रथिनाचं नाही. लहान पेप्टाइडं उकळूनही तगू शकतात, म्हणून एंडोटॉक्सिनची वेगळी चाचणी कराच.

५. सोमॅटोस्टॅटिन या मेंदूतल्या पेप्टाइडची गोष्ट प्रत्येकाला माहीत असावी. 1973 मध्ये गिलमाँ यांच्या गटाने सुमारे पाच लाख मेंढ्यांच्या मेंदूंतून ते काही मिलिग्रॅम मिळवलं. 1977 मध्ये इताकुरा, बॉयर आणि सहकाऱ्यांनी तेच ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेतलं. जिवाणूने बनवलेलं ते पहिलं मानवी पेप्टाइड. सुरुवातीला जिवाणू ते बनवताच मोडून टाकायचा, म्हणून त्यांनी ते एका मोठ्या प्रथिनाला जोडलं आणि नंतर कापून वेगळं केलं. वाटा हातून सांडला की मला त्या मेंढ्या आठवतात.

६. ‘केवळ संशोधनासाठी’ ही लेबलवरची ओळ शब्दशः घ्या. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याच्या रथोत्सवासाठी मी घरी आले होते. गर्दीत शेजारच्या काकूंनी हात धरला. “काय वं, मेंदूचं औषध करते म्हने तू? यांच्यासाठी थोडं आन ना.” काकांचा हात तेव्हा सारखा थरथरत होता, प्रसादातले शेंगदाणे मुठीतून सांडत होते. मी दोघांना बाजूच्या ओट्यावर बसवलं. आमच्या कुपीतलं बशीतल्या पेशींसाठी असतं, ते माणसाच्या अंगात घालण्याइतकं शुद्ध केलेलं नसतं आणि माणसावर तपासलेलंही नसतं, हे सांगितलं. काकू ऐकून घेत होत्या, पण हात सोडत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन मी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर बाकावर नंबराची वाट बघताना काकांनी विचारलं, “त्या बशीतल्या पेशी जित्या असतात का?” मी हो म्हटलं, आणि नंबर येईपर्यंत त्यांना त्या पेशींबद्दल सांगत राहिले.